विक्री वाढली, तरी मालाचा टक्का ३१ वरून ३८! गळती कुठे शोधायची?

उकळी
नमस्कार मंडळी. दोघांच्या भागीदारीतलं मध्यम रेस्टॉरंट आहे. चाळीसेक खुर्च्या, शिवाय अ‍ॅपवरून घरपोच ऑर्डरी. किचनचा कारभार मी बघते, पण मी शेफ नव्हे. गेल्या वर्षापर्यंत मालाचा खर्च विक्रीच्या ३१ टक्क्यांच्या आगेमागे असायचा. या तिमाहीत तो ३८ दिसतोय. विक्री उलट वाढलीच आहे.

शेफ म्हणतात, बाजार महागला. अकाउंटंट म्हणतात, माल मागच्या दाराने जातोय. भागीदार म्हणतो, मेनूचे दर वाढवू आणि विषय संपवू. ज्याचं ऐकावं त्याचं पटतं, तिथेच घोडं अडलंय. सुरुवात कुठून करू? कृपया ‘सॉफ्टवेअर घ्या’ असं सांगू नका. सॉफ्टवेअर आहे. त्यात कोणी काही भरत नाही.

चिमूटभर
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावणार आहे. वाचतोय.

हिशेबनीस
ताई, आधी एक सांगा. हा ३८ काढला कसा? महिन्याची शिल्लक मोजता का?

उकळी
अकाउंटंट खरेदीची सगळी बिलं बेरीज करतात आणि विक्रीने भागतात. शिल्लक वर्षअखेरीस मोजतो.

हिशेबनीस
मग तो खरेदीचा टक्का झाला, खपाचा नव्हे. सुरुवातीची शिल्लक, अधिक खरेदी, वजा शेवटची शिल्लक, म्हणजे खप. त्याला विक्रीने भागा. महिनाअखेरीला तेलाचे डबे आणि चीज भरून ठेवलं असेल, तर ते कोठीत सुखरूप बसलेलं असतं आणि कागदावर मात्र संपलेलं दिसतं.

आणखी एक. महिन्याशी महिना ताडू नका. एखाद्या महिन्यात पाच शनिवार-रविवार येतात, एखाद्यात चार. बऱ्याच मोठ्या साखळ्या म्हणूनच वर्षाचे २८ दिवसांचे १३ भाग पाडतात. तुम्ही आठवड्याचा हिशेब धरा. रविवारी रात्री किचन बंद झाल्यावर मोजायचं, सोमवारचा माल उतरण्याआधी.

नवा_भिडू
दर आठवड्याला सगळं मोजायचं? मिरपूडसुद्धा? माणसं पळून जातील.

हिशेबनीस
सगळं नाही. बिलं काढून जिन्नस पैशाच्या उतरत्या क्रमाने लावा. वरचे वीसेक जिन्नसच बहुतेक पैसा खातात. मांस, मासे, चीज, लोणी, तेल, क्रीम. तेवढे दर आठवड्याला, बाकीचं महिन्यातून एकदा. मोजायला दोघं हवेत, एक किचनचा आणि एक बाहेरचा. उघडलेला डबा, फ्रीजरमधला अर्धा शिजवलेला रस्सा, सॉसची बादली हेही धरायचं. बरेच जण कोठी मोजतात आणि किचनमधल्या फ्रीजकडे बघत नाहीत.

भटारखाना
शेफ आहे म्हणून बोलतोय. कुठलंही रेस्टॉरंट घ्या, टक्का वाढला की पहिली नजर आमच्याकडे. मागचं दार, मागचं दार! अहो, पुढच्या दारानेही बरंच जातं. मालकाचे मित्र येतात, जेवतात, ‘बिल नको रे’ म्हणून जातात. ते कुठल्या रकान्यात लिहिता?

आता मुद्दा. तुमच्या शेफना विचारा, पदार्थाची किंमत काढताना भाव कुठला धरलाय, बाजारातला की साफ केल्यानंतरचा? अख्खा मासा एक किलो घेतला तर डोकं, काटे, आतडी जाऊन चारशे-साडेचारशे ग्रॅम फिले हातात येते. किलोला १०० मोजले असतील तर फिलेचा खरा भाव २२० च्या वर गेला. कांद्याची सालं-टोकं जाऊन दहाएक टक्के घट, पालेभाजीची त्याहून खूप जास्त. भाजलेलं मांस वजनात सहज चौथा हिस्सा गमावतं. रेसिपीच्या कागदावर ‘मासा १८० ग्रॅम’ असं असतं, पण कच्चा की साफ, हे कोणी लिहीत नाही. त्या एका शब्दाच्या अभावी सगळं गणित चुकतं.

ही घट पुस्तकातून घेऊ नका. स्वतःच्या किचनमध्ये, स्वतःच्या सुरीने, स्वतःच्या पुरवठादाराच्या मालावर तोलून बघा. स्वस्त माल घेतला आणि घट वाढली तर तो महाग पडतो. डोकं-काटे स्टॉकला, म्हणजे उकळून काढायच्या रश्शाच्या पाण्याला, गेले तर त्यांचा भाव स्टॉकच्या खात्यात टाका, फिलेवरचा बोजा तेवढा उतरेल.

कढीपत्ता
+१ भटारखाना. मालकाचे मित्र या जिन्नसाची घट १०० टक्के असते.

चिमूटभर
आणि ती साप्ताहिक मोजणीत दिसत नाही, कारण ते रोज येतात.

तोलूनमापून
मी खरेदीकडचा माणूस. चोरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे पिशवी घेऊन जाणारा पोऱ्या येतो. बहुतेक नुकसान माल आत येतानाच झालेलं असतं. पहाटे टेम्पो येतो, किचनमध्ये एकच झोपाळू माणूस, चलनावर सही करून मोकळा. क्रेट तोलताना क्रेटचं वजन वजा केलं का? गोठवलेल्या कोळंबीवरचा बर्फाचा थर कोणी वितळवून बघितला? डब्यावरचं वजन पाण्यासकट असतं, निथळल्यावर किती भरतं? मागच्या आठवड्याचा भाव आणि आजचा भाव शेजारी ठेवून कोणी वाचतं का?

तीन गोष्टी. ऑर्डर देणारा, माल उतरवून घेणारा आणि पैसे चुकते करणारा हे तिघं वेगळे असावेत. निदान पहिला आणि तिसरा तरी एकच नको. टेम्पो यायची वेळ ठरवा, जेवणाच्या गर्दीत माल घेऊ नका. परत पाठवलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढे पैसे वजा केल्याचा पुरवठादाराचा कागद, वहीला टाचल्याशिवाय बिल पास करू नका. ‘पुढच्या बिलात वळते करतो’ हे वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवतो.

उकळी
बर्फाचा थर! हे डोक्यातच आलं नव्हतं. भटारखाना, शेफना विचारलं. किमतीची कार्डं दोन वर्षांपूर्वीची आहेत आणि ‘कच्चा की साफ’ खरंच लिहिलेलं नाही. ते जरा फुगले, पण बसून करू म्हणाले.

भटारखाना
फुगू द्या. बरोबर बसून करताय, मागे उभं राहून नाही, हे दिसलं की निवळतील.

टक्केवारी_मुर्दाबाद
सगळे टक्क्याच्या मागे लागलात. टक्क्याने भाडं भरता येत नाही, पैशाने भरतात.

सूप १०० ला विकता, माल २० चा, म्हणजे २० टक्के. वा वा. भाजलेला मासा ३०० ला, माल १२० चा, म्हणजे ४० टक्के. अरे बापरे. आता उरलं किती? सुपात ८०, माशात १८०. टक्का कमी करायचा ध्यास घेतला तर वेटर सूप खपवत बसतील आणि तुम्ही कौतुकाने बुडाल.

मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या कसावाना आणि स्मिथ यांनी १९८२ मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली. प्रत्येक पदार्थ दोन कसोट्यांवर घासायचा: खपतो किती, आणि एका प्लेटमागे उरतं किती. भरपूर खपणारे आणि भरपूर उरवणारे ‘स्टार’, त्यांना हात लावू नका. खपतात पण उरवत नाहीत, त्यांना ‘प्लाउहॉर्स’ म्हणजे नांगराचे घोडे म्हटलंय. त्यांचं पोर्शन नाहीतर दर हळूच सरकवायचा. उरवतात पण खपत नाहीत ते ‘पझल’. त्यांची मेनूतली जागा बदला, नाव बदला, वेटरला चव द्या. दोन्हीकडे नापास ते ‘डॉग’. बहुतेक मालकांचा लाडका पदार्थ या शेवटच्या गटात असतो आणि तो काढायची कोणाची छाती होत नाही.

हिशेबनीस
टमु, अर्धं पटलं. पण टक्का फेकून देऊ नका. तो ताप मोजायचा थर्मामीटर आहे, औषध नाही एवढंच. मेनू तोच, दर तेच आणि टक्का सात अंकांनी चढतो, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे टक्काच सांगतो. कुठला पदार्थ ठेवायचा, हे ठरवताना मात्र प्लेटमागे उरणारा पैसाच बघावा.

शेगडी
आणि वेळ? माशाला ग्रिलवर वीस मिनिटं लागत असतील आणि शनिवारी ग्रिलच तुंबत असेल, तर १८० ला काय चाटायचंय? त्या वेळेत त्याच ग्रिलवर दुसरे तीन पदार्थ निघाले असते. गर्दीच्या तासाला ‘एका प्लेटमागे किती’ यापेक्षा ‘तुंबणाऱ्या शेगडीच्या एका तासामागे किती’ हे बघा. रिकाम्या मंगळवारी हा प्रश्न नाही.

टक्केवारी_मुर्दाबाद
शेगडी, मान्य. हे त्या चार खणांत बसत नाही.

नवा_भिडू
पण भागीदार म्हणतो तसं दर वाढवून का नाही सुटणार?

हिशेबनीस
गणित करून बघा. ३८ टक्के असताना दर सरसकट ५ टक्के वाढवले तर टक्का येतो ३६.२. परत ३१ वर आणायचा तर दर जवळपास २३ टक्के वाढवावे लागतील, आणि एकही गिऱ्हाईक तुटलं नाही असं धरून. बादलीला भोक असताना नळ मोठा करण्यात काय हशील?

पाणीपुरवठा
मी धंद्याच्या पैशांबद्दल लिहितो, कारण पुढे-मागे तोच प्रश्न येणार. रेस्टॉरंटचा गल्ला फसवा असतो. गिऱ्हाईक आज पैसे देतं, पुरवठादाराला तुम्ही पंधरा-तीस दिवसांनी देता. त्यामुळे विक्री वाढत असते तोवर खात्यात पैसा खेळतो, तोटा असला तरी. विक्री थोडी मंदावली की जुनी उधारी एकदम अंगावर येते आणि लोक म्हणतात, ‘कालपर्यंत तर बरं चाललं होतं.’

गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर तुमचा नाही, तो वेगळ्या खात्यात रोजच्या रोज काढा. तसंच वर्षातून एकदा येणारे खर्च, परवाना, विमा, फ्रीजचा कॉम्प्रेसर, यांचा बारावा हिस्सा दर महिन्याला बाजूला. आणि ना नफा ना तोट्याचा आकडा भिंतीवर लिहा. भाडं, पगार, वीज मिळून महिन्याला ६ लाख ठरलेले असतील आणि १०० च्या विक्रीत माल, पॅकिंग वगैरे जाऊन ६० उरत असतील, तर १० लाखांच्या विक्रीपर्यंत तुम्ही फक्त दुसऱ्यांसाठी राबता.

माल आणि पगार या दोघांची बेरीज विक्रीच्या ६०-६५ टक्क्यांच्या आत असावी असा ढोबळ दंडक आहे. नुसता मालाचा टक्का बघणारे कापलेल्या भाज्या विकत घेतात, माल वाढतो, मग त्या कापणाऱ्या माणसाचा पगार वाचला का, हे बघायचं राहून जातं. याच्या उलटही होतं.

कढीपत्ता
अवांतर: स्टाफच्या जेवणाचं काय करता? आमच्याकडे यावरून महाभारत.

भटारखाना
स्टाफला पोटभर आणि चांगलं खायला घाला, वेगळा पदार्थ ठरवून. नाही घातलंत तर ते खातातच, फक्त फिले खातात. खर्च कर्मचाऱ्यांच्या खात्यात टाका, विक्रीच्या मालात नको.

शेगडी
अवांतरात भर: तळणीचं तेल. याचा हिशेब ठेवणारं किचन विरळाच. तेल लवकर मरतं ते पाणी, मीठ, चुरा आणि विनाकारण चढवलेल्या आचेमुळे. मीठ कढईवर भुरभुरायचं नाही, बाजूला ताटात. ओला पदार्थ पुसून टाकायचा. गर्दी नसताना तापमान उतरवायचं, रोज रात्री गाळायचं. तेल फेकायची वेळ मात्र अंदाजाने ठरवू नका. बऱ्याच देशांत पोलर घटकांची, म्हणजे तेल तापून बिघडताना त्यात साठणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ते मोजायचं छोटं यंत्र मिळतं. काटकसर म्हणून मर्यादेपलीकडे ताणणं हा बचतीचा मार्ग नव्हे, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे.

चिमूटभर
धागा विक्रीवरून तळणीवर आला. उकळी गायब. बहुतेक कोळंबी वितळवत बसल्या असतील.

उकळी
आहे, आहे! कोळंबी वितळवलीसुद्धा. छापील निव्वळ वजनापेक्षा कमी भरली, पुरवठादाराशी बोलणं चालू आहे. पण त्याहून मोठी गोष्ट सापडली, ती वाचा.

हिशेबनीस यांच्या पद्धतीने शिल्लक धरली. भाव वाढणार म्हणून शेफनी तेल आणि चीज भरून ठेवलं होतं, ते वजा झालं. मग मला वाटलं, वरचा आकडा बघितला, खालचाही बघू. तर अकाउंटंट अ‍ॅपवरची विक्री बँकेत जेवढी जमा होते तेवढीच लिहितात, म्हणजे कमिशन कापून. मेनूच्या दराने १०० ची विक्री धरली तर आता ३० अ‍ॅपवरून येते. कमिशन २५ टक्के, म्हणजे साडेसात वरच्यावर गेले. वहीत विक्री ९२.५. गेल्या वर्षी अ‍ॅपची विक्री नगण्य होती, त्यामुळे हा फरक दिसला नाही.

३८ टक्के या ९२.५ चे. पूर्ण १०० शी ताडले तर ३५ च होतात. जादा साठा वजा केल्यावर साडेतेहतीस.

हिशेबनीस
वा! वहीत विक्री नेहमी पूर्ण लिहायची आणि कमिशन खर्चात, स्वतःच्या ओळीत. सवलतींचंही तेच. नाहीतर दोष किचनच्या अंगावर येतो आणि खरा खर्च कुठेच नोंदला जात नाही.

भटारखाना
म्हणजे सातातले साडेचार कागदावरचे. मागच्या दारातून गेलेला माल कॅल्क्युलेटरमध्ये सापडला. अकाउंटंटसाहेबांना नमस्कार सांगा.

पाणीपुरवठा
थांबा, हुरळू नका. ते साडेसात कागदावरचे नाहीत, खरोखर गेलेत. फक्त मालात गेलेले नाहीत. टेबलावरच्या १०० मागे माल ३१, उरले ६९. अ‍ॅपवरच्या १०० मागे माल ३१, कमिशन २५, डबे-पिशव्या समजा ४, उरले ४०. तुमची ‘वाढलेली विक्री’ या चाळिशीतली आहे. टेबलं रिकामी असताना हे ४० सोन्यासारखे. पण शुक्रवारी रात्री टेबलवाला ताटकळतोय आणि किचन अ‍ॅपची पाकिटं भरतंय, असं होत असेल तर तुम्ही ६९ सोडून ४० उचलताय. अ‍ॅपसाठी छोटा वेगळा मेनू करा, प्रवासात न बिघडणारे आणि जास्त उरवणारे पदार्थच ठेवा. गर्दीच्या तासात ते बंद ठेवता येतं का बघा.

शेगडी
हेच म्हणत होतो. शेगडी एकच, गिऱ्हाइकं दोन.

तोलूनमापून
उरलेल्या अडीच टक्क्यांचं काय? तेही सोडायचे नाहीत.

उकळी
तेच लिहायला बसले होते. शेफबरोबर सगळी कार्डं नव्या भावाने काढली. अडीचमधला साधारण निम्मा भाग खरंच बाजाराचा आहे. शेफ तेवढे बरोबर होते. उरलेल्यासाठी एक जिन्नस घेतला, चिकन. महिन्यात त्या चिकनच्या ४०० प्लेटी गेल्या. कार्डाप्रमाणे १८० ग्रॅम साफ केलेलं, म्हणजे ७२ किलो. प्रत्यक्ष खप ८६. तफावत १४ किलो. स्टाफचं जेवण ५, वाया गेल्याच्या वहीत ३. उरले ६ किलो, ज्यांचा धनी कोणी नाही.

टक्केवारी_मुर्दाबाद
सहा किलो भागिले चारशे, पंधरा ग्रॅम. प्लेटमागे पंधरा ग्रॅम म्हणजे चोरी नाही हो, ती मोकळ्या हाताची वाढणी आहे.

उकळी
अगदी! गर्दीच्या वेळी वीसेक प्लेटी तोलल्या. १९० ते २०५. एका मुलाचं म्हणणं, ‘कमी दिसतं म्हणून एक तुकडा जास्त टाकतो.’

भटारखाना
त्याला रागावू नका. प्लेट मोठी असेल तर १८० ग्रॅम बिचारं दिसतंच. प्लेट बदला. आणि मांस तयारीच्या वेळीच, दुपारी शांतपणे, १८० चे भाग करून ठेवा. ऑर्डरीच्या वेळी तोलायला कोणाला सवड नसते.

कढीपत्ता
खरकट्याकडेही बघा. भांडी घासायच्या जागी आठवडाभर पारदर्शक टब ठेवा. आमच्याकडे बटाट्याचा ढीग परत यायचा. लोकांना तेवढा नकोच होता. पोर्शन कमी केलं, एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.

नवा_भिडू
आणि वाया गेल्याची वही खरी कशी राखायची? आमच्याकडे ती कायम कोरी. म्हणजे काहीच वाया जात नाही म्हणायचं. :)

तोलूनमापून
कोरी असते कारण लिहिणाऱ्याला बोलणी बसतात. जळलं ते लिहिलं म्हणून दंड करायचा नाही, एवढं पाळलं तरी वही भरू लागते. काय, किती, का, आणि वेळ, एवढेच चार रकाने. रोज रात्री एकच वस्तू मोठ्याने वाचायची, नाव न घेता.

उकळी
भागीदाराला सगळं दाखवलं. सरसकट दरवाढ तूर्त मागे. खरोखर महागलेले तीन पदार्थ तेवढे वाढवतोय. शुक्रवारी-शनिवारी आठ ते दहा अ‍ॅप बंद ठेवायचं यावर मात्र तो अडून बसलाय. म्हणतो, रेटिंग पडेल.

पाणीपुरवठा
दोन आठवडे बंद न करता मोजा फक्त. त्या दोन तासांत किती जण टेबल न मिळता किंवा वाट बघून परत गेले, दारावरच्या मुलाला खडूने रेघा मारायला सांगा. रेघा नसतील तर भागीदार बरोबर, चालू ठेवा.

उकळी
हे करता येईल. या शुक्रवारपासून लावते. शेफनी वजनकाटा मागितलाय, कुठला घेऊ?

भटारखाना
वाफेत, ओल्या हातांनी टिकणारा, आणि एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दोन घ्या, एक मालाच्या दाराशी, मोठा, आणि हा तयारीच्या टेबलावर. जास्तीचे सेल आणून ठेवा. सेल संपला की तो काटा महिनाभर तसाच पडून राहतो, अनुभव आहे.